कंगवा, खिळा आणि ताम्हण: इलेक्ट्रॉनपासून वीज आणि चुंबक कसं होतं ते घरीच करून बघा

जानेवारीत नाशिकला बहिणीकडे गेलो होतो, रात्री दिवे घालवून झोपायची वेळ, भाचीने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि चटचट आवाज, अंधारात बारीक निळसर ठिणग्या, आणि ही ओरडली, मामा मला शॉक बसला! मग प्रश्नांची सरबत्ती. बोर्डात असते तीच वीज का ही? मग मी मेले कशी नाही? आणि चुंबकाचा हिच्याशी काय संबंध, मग दोन्ही मागेपुढेच का शिकवतात? मी वायरिंगची कामं केलेला माणूस, हात चालतो, पण इलेक्ट्रॉन म्हटलं की मलाही शाळेत पाठ केलेली व्याख्याच आठवायची. मग पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी घरातला पसारा काढून सगळं करूनच बघितलं, तेच इथे क्रमाने लिहितोय, चुकलेलं पण लिहितोय कारण तुमचंही तिथेच चुकणार आहे.

आधी एकच गोष्ट डोक्यात घ्या. इलेक्ट्रॉन एका जागी साचले की ती स्थिर वीज, तेच वाहायला लागले की झाला करंट आणि करंटभोवती आपोआप चुंबक तयार होतं, आणि तारेजवळ चुंबक हलवलं की तारेतले इलेक्ट्रॉन परत वाहायला लागतात. बस. मिक्सर, पंखा, कोयनेचं जनित्र सगळं यातच आलं.

सामान काय लागेल

प्लास्टिकचा कंगवा, चिकटपट्टी, कागदाचे कपटे. एक छोटं होकायंत्र. दीड व्होल्टचे पेन्सिल सेल दोन-तीन. चार इंची लोखंडी खिळा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वाइंडिंग वायर, २६ गेजची ५० ग्रॅम आणि ३६ गेजची ५० ग्रॅम, तिथे वायर वजनावरच मिळते, मीटरमध्ये मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे बघत बसेल. साधी प्लास्टिक कोटिंगची वायर मीटरभर, दोन लाल एलईडी, सँडपेपरचा तुकडा आणि निओडिमियमचं चुंबक, चांदीसारखं चकचकीत असतं ते. जुन्या स्पीकरमागचं काळं चुंबकही चालतं पण शेवटच्या प्रयोगांना जोर कमी पडतो.

दोन गोष्टी आधीच सांगतो, नंतर विसरेन. यातलं काहीही भिंतीच्या सॉकेटला जोडायचं नाही, कॉइल (म्हणजे तारेचे वेढे घालून केलेलं गुंडाळं) तर अजिबातच नाही, आणि मोबाइलची बॅटरी किंवा पॉवर बँक शॉर्ट करायची नाही, लिथियम पेट घेतं. निओडिमियमची चुंबकं लहान पोरांच्या हाती देऊ नका, दोन गिळली तर पोटात आतडं मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, थेट ऑपरेशन.

साचलेले इलेक्ट्रॉन

कंगवा कोरड्या केसांतून दहा-बारा वेळा फिरवा आणि कपट्यांजवळ न्या. कपटे उड्या मारत चिकटतात, हे सगळ्यांनी लहानपणी केलंय. आता चिकटपट्टीचं करा, ते कमी लोकांना माहीत असतं आणि मला विचाराल तर कंगव्यापेक्षा भारी आहे. वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, टेबलावर शेजारी शेजारी चिकटवा, एका टोकाला घडी घालून पकडायला जागा ठेवा, आणि झटक्यात दोन्ही उपटा. हवेत लटकवून जवळ आणा, एकमेकींपासून लांब पळतात. आता दुसऱ्यांदा एक पट्टी टेबलावर आणि दुसरी बरोब्बर तिच्या पाठीवर चिकटवा, दोन्ही एकत्र हळू उपटा, वरून अख्ख्या जोडीवर बोट फिरवा, मग दोघींना झटक्यात वेगळं करा. आता त्या एकमेकींकडे धावतात.

म्हणजे चार्ज दोन जातींचा आहे, सारखे असले की ढकलतात आणि वेगळे असले की ओढतात. होतंय काय, तर पट्टी उपटताना एका पृष्ठभागावरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात, ज्याला जास्तीचे मिळाले तो ऋण, ज्याचे गेले तो धन. नवीन काही निर्माण होत नाही, इकडचं तिकडे होतं एवढंच. 'घासल्याने वीज तयार होते' असं आपण म्हणतो ते तसं बरोबर नाही, घासल्याने वाटणी बिघडते.

किती इलेक्ट्रॉन जातात? चार्ज मोजायचं एकक कुलोम, आणि एक कुलोम म्हणजे साधारण ६२४ वर १६ शून्यं एवढे इलेक्ट्रॉन. कंगव्यावर येणारा चार्ज कुलोमचा काही अब्जांश भाग असतो. समजा १० अब्जांश धरला, तरी सहा हजार कोटींच्या वर इलेक्ट्रॉन झाले. आकडा ऐकून घाबरू नका, करंटच्या हिशोबात हे चिल्लर आहे.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. हवेतून एक मिलीमीटर ठिणगी उडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणजे स्वेटर काढताना हजारो व्होल्ट असतात हे खरंच आहे. पण मागे माल नाही! क्षणभरात साचलेले इलेक्ट्रॉन संपतात आणि खेळ खल्लास. बोर्डात व्होल्ट २३० च, पण मागे अख्खं ग्रिड उभं, तुम्ही धरून ठेवाल तोपर्यंत ते ढकलत राहतं. माणसाला मारतो तो शरीरातून वाहत राहणारा करंट.

हा प्रयोग पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात करून 'होत नाही' म्हणू नका. दमट हवेत प्लास्टिकवर, केसांवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो, त्यातून चार्ज निसटून जातो. आम्ही हाच प्रयोग जूनमध्ये परत केला तेव्हा कंगवा नुसता कंगवाच राहिला. थंडीतल्या कोरड्या दिवशी करा, नाहीतर हेअर ड्रायरने सगळं कोरडं करून घ्या.

वाहणारे इलेक्ट्रॉन

तांब्याच्या तारेत प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो, कुणाच्या घरचा नाही, तारभर भटकत असतो. सेल या इलेक्ट्रॉनांना जन्म देत नाही, तो फक्त पंप आहे. आतल्या रासायनिक क्रियेने जस्ताच्या बाजूला इलेक्ट्रॉनांची गर्दी करतो, ते ऋण टोक, आणि दुसऱ्या बाजूला ओढतो, ते धन टोक. बाहेरून तार जोडली की गर्दीतून ओढीकडे रांग सुरू.

आता इथे बहुतेकांची गल्लत होते, माझीपण होती. बटण दाबलं की दिवा लगेच लागतो म्हणजे इलेक्ट्रॉन बटणापासून दिव्यापर्यंत विजेच्या वेगाने धावत येतात असं वाटतं. नाही हो. एक चौरस मिलीमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर जात असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलीमीटरचा साधारण चौदावा भाग सरकतात. तासाला पाव मीटर. एक मीटर जायला जवळपास चार तास, गोगलगाय पुढे जाईल! मग दिवा लगेच कसा? शेतातला पाइप आधीच पाण्याने भरलेला असेल तर मोटार चालू केल्या केल्या दुसऱ्या टोकाला पाणी पडतं ना, विहिरीतलं पाणी अजून पोचलेलंही नसतं. तार तशीच इलेक्ट्रॉनांनी आधीच गच्च भरलेली आहे, ढकलल्याची खबर प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पुढे जाते, इलेक्ट्रॉन मात्र आपापल्या जागी निवांत सरकतात. आणि घरातल्या एसी करंटमध्ये तर दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते, तिथे ते बिचारे जागच्या जागी थरथरतात, तुमच्या पंख्यातले इलेक्ट्रॉन तुमच्या पंख्यातच राहतात. बिल येतं ते ढकलण्याच्या मेहनतीचं.

अजून एक गोंधळ, करंटची दिशा. पुस्तकात करंट धनकडून ऋणकडे आणि इलेक्ट्रॉन ऋणकडून धनकडे. दोन्ही बरोबर आहे. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात धन-ऋण नावं ठेवली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हता, जे. जे. थॉमसनला तो सापडला १८९७ मध्ये, तोपर्यंत सगळी गणितं, सगळे नियम जुन्या दिशेने लिहून झाले होते. आता कोण बदलणार. वायरिंग करताना याने काही अडत नाही.

वाहू लागले की चुंबक

आता खरी गंमत, आणि इथे घाई करू नका. होकायंत्र टेबलावर ठेवा, सुई थांबू द्या. प्लास्टिक कोटिंगची तार होकायंत्राच्या काचेवरून बरोब्बर सुईच्या रेषेत, म्हणजे उत्तर-दक्षिण, ताणून धरा. एक टोक सेलला लावून ठेवा आणि दुसरं टोक दोन-तीन सेकंदच टेकवा. सुई झटकन बाजूला वळते. सोडलं की परत.

आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा तार जोडायच्या आधीच सुई वळली आणि मी ज्ञान पाजळायला सुरुवात पण केली, मग भाची म्हणाली, मामा अजून जोडलंच नाहीये. सेलचं आवरण पोलादाचं असतं, सुई त्याच्याकडे वळली होती. म्हणून सेल होकायंत्रापासून हातभर लांब ठेवा आणि कात्री, मोबाइल, स्टीलचं टेबल हे सगळं पण लांब.

मग या चार गोष्टी करा. सेल उलटा लावा, सुई उलट्या बाजूला वळेल. तार होकायंत्राच्या खालून न्या, परत उलटी. तार पूर्व-पश्चिम धरा, सुई वळणारच नाही, कारण तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तारेला वेढा घालून असतं, आणि तार आडवी असली की काचेखाली ते क्षेत्र उत्तर-दक्षिणच पडतं, सुई आधीच तिथे उभी आहे. बऱ्याच जणांचा प्रयोग फसतो तो फक्त यामुळे. चौथं म्हणजे तार हळूहळू वर उचलत जा, सुईचं वळणं कमी होत जाईल.

थोडा हिशोब करा, मजा येते. तारेतून २ अँपिअर जात असतील तर एक सेंटीमीटरवर चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला येतं (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा जोर मोजायचं एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्रही त्याच्याच जवळपास आहे. म्हणजे सुईला उत्तरेकडे ओढणारी पृथ्वी आणि आडवं ओढणारी तुमची तार, दोघांचा जोर सारखा, सुई साधारण ४५ अंशांवर थांबते. दीड व्होल्टच्या सेलने अख्ख्या पृथ्वीशी बरोबरी!

हे पहिल्यांदा जगाला सांगितलं डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडने, १८२० मध्ये, कोपनहेगनला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बातमी पॅरिसला पोचल्यावर अँपिअर कामाला लागला आणि त्याने दाखवलं की करंट वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात नाहीतर ढकलतात. करंट ज्याच्या नावाने मोजतो आणि बोर्डातला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ज्याचं नाव सांगून विकत घेतो तोच हा.

आपल्याकडचा दाखला तर याहून भारी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. मग शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा करंट रुळांतून आणि थोडा जमिनीतून परत जाणार, म्हणजे आख्ख्या शहरभर तुमची ती तार आणि शेजारी वेधशाळेची नाजूक सुई. मोजमापं बिघडणार हे आधीच ओळखून तिथले संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली, तीही लोखंड टाळून, चुंबकीय नसलेला दगड पारखून बांधलेल्या इमारतीत. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. ट्राम बंद होऊनही जमाना झाला, अलिबागची वेधशाळा अजून मोजतेय. समुद्रावर जाता तेव्हा जवळच आहे.

खिळ्याचं चुंबक

एका तारेचं क्षेत्र कमी पडतं, मग वेढे घालायचे, प्रत्येक वेढ्याचा जोर एकमेकांत मिळतो. खिळ्यावर आधी कागदाचा एक थर गुंडाळा. २६ गेजची वायर पाच मीटर घ्या, सुरुवातीला वीतभर मोकळी सोडून १५० ते २०० वेढे एकाच दिशेने घाला. एक थर झाला की परत मागे येत दुसरा थर, पण फिरवायची दिशा तीच, मध्येच उलटे वेढे घातले तर ते आधीच्यांना मारतात. दोन्ही टोकं सँडपेपरने घासून लाल तांबं दिसेपर्यंत साफ करा. वाइंडिंग वायर उघडी दिसते पण तिच्यावर एनॅमलचा थर असतो, तो काढला नाही तर करंट जाणारच नाही आणि तुम्ही सेल बदलत बसाल.

सेलला जोडा आणि टाचण्या उचला. ८-१० सेकंदांच्या वर जोडून ठेवू नका. पाच मीटर वायरचा रोध, म्हणजे करंटला होणारी अडवणूक, जेमतेम अर्धा ओहम आहे, जवळजवळ शॉर्टच समजा, सेल आणि वायर दोन्ही तापतात. मी एकदा फोन आला म्हणून जोडलेलं तसंच ठेवून उठलो, परत येऊन सेल उचलला आणि बोट भाजलं.

आता खिळा काढून तिथे लाकडी पेन्सिल घाला. टाचणी हलणारही नाही. करंट तोच, वेढे तेच, मग लोखंडाने काय जादू केली? अणूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक इवलंसं चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत ते जोडीजोडीने उलटसुलट असतात, एकमेकांना मारून टाकतात. लोखंडाच्या अणूत चार इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात, आणि शेजारचे अणू आपापसात एका दिशेला तोंड करून गट करतात. एरवी हे गट वाट्टेल तिकडे तोंड करून असतात म्हणून साधा खिळा चुंबक नसतो. कॉइलचा करंट चालू झाला की सगळे गट एका दिशेला वळतात आणि मूळ जोर कितीतरी पटीने वाढतो.

हे पडताळता येतं. करंट बंद केल्यावरही खिळा एखादी टाचणी धरून ठेवतो, काही गट वळलेलेच राहिले. तोच खिळा फरशीवर चार-पाच वेळा आपटा, टाचणी पडते. म्हणूनच चुंबकं आपटू नका म्हणतात.

उलटा प्रवास: चुंबकातून करंट

करंटने चुंबक होतं तर चुंबकाने करंट का नाही, असं ओर्स्टेडनंतर बऱ्याच जणांना वाटलं. लोक तारेशेजारी चुंबक ठेवून वाट बघत बसायचे, काही व्हायचं नाही. लंडनमध्ये मायकल फॅरेडेला १८३१ मध्ये गोम सापडली, नुसतं ठेवून उपयोग नाही, बदल हवा. चुंबक हललं पाहिजे, नाहीतर त्याचा जोर कमीजास्त झाला पाहिजे.

ही कॉइल करायला संयम लागतो. प्लास्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा घ्या, आत चुंबक सहज घसरलं पाहिजे. मध्यभागी दोन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात ३६ गेजच्या वायरचे हजार वेढे. हो, हजार. ही वायर केसासारखी बारीक असते, ओढलीत की तुटते. आमची ६०० ला एकदा तुटली, दोन्ही टोकं घासून पिळून परत जोडली. शंभर झाले की कागदावर रेघ मारा नाहीतर मोजणी चुकते आणि भांडणं होतात. टोकं घासून साफ करा, दोन्ही लाल एलईडी एकमेकांना उलटे, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला असे दोन्हीकडून जोडून कॉइलच्या टोकांना लावा. खोलीत अंधार करा, पाइपाच्या दोन्ही टोकांवर बोटं धरा आणि चुंबक आत ठेवून जोरात हलवा.

एलईडी लुकलुकतात, आणि नीट बघितलंत तर एकदा हा एकदा तो, कारण चुंबक आत येताना करंट एका दिशेने आणि बाहेर जाताना उलट्या. हाच तुमचा एसी. नाही लागले तर बहुतेक एनॅमल नीट निघालेलं नसतं, नाहीतर चुंबक कमजोर. लाल सोडून पांढरे एलईडी लावले असतील तर त्यांना व्होल्ट जास्त लागतात. शंका वाटली तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून कॉइल तपासा, ४०-५० ओहमच्या आसपास दाखवला म्हणजे वायर शाबूत आहे. कोयनेत हेच चालतं, फक्त हलवायला हाताऐवजी धरणाचं पाणी, आणि क्षमता १९६० मेगावॉट.

बदलत्या चुंबकाची ताकद किती, तर १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून मोठं वादळ आलं, चार्ज असलेल्या कणांचा लोंढा पृथ्वीवर आदळला आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावे खायला लागलं. अमेरिकेत तारायंत्राच्या तारांमध्ये त्यामुळे एवढा करंट आला की काही तारमास्तरांनी बॅटरी काढून ठेवून नुसत्या त्या करंटवर संदेश पाठवले. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत क्षेत्र साधारण १६०० नॅनोटेस्लाने (म्हणजे १.६ मायक्रोटेस्लाने) घसरल्याची नोंद आहे, आणि त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही ती नोंद उघडतात.

ताम्हण

शेवटचा प्रयोग बिनवायरचा, बिनसेलचा. देवघरातलं जाड तांब्याचं ताम्हण घ्या, आधी चुंबक लावून बघा, चिकटत नाही ना? तांब्याला चुंबक ओढत नाही. आता ताम्हण तिरपं धरून त्यावरून चुंबक घसरवा, मग तेवढ्याच उतारावर लाकडी पाटावरून घसरवा. पाटावर सुर्रकन खाली, ताम्हणात मात्र तुपातून उतरल्यासारखं हळू. चुंबक सरकलं की खालच्या तांब्यातले इलेक्ट्रॉन गोल गोल वाहायला लागतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबक तयार होतं, आणि ते सरकणाऱ्या चुंबकाला नेहमी अडवतंच. चुंबक थांबलं की भोवरे गायब, अडवणं पण गायब. जाड तांब्याचा मीटरभर पाइप मिळाला तर अजून छान, एरवी अर्ध्या सेकंदाच्या आत पडणारं चुंबक त्यातून तरंगत उतरतं.

भाचीने हे सोळा वेळा केलं. सतराव्या वेळी आजी आली आणि ताम्हण घेऊन गेली, तेव्हा तुम्ही करणार असाल तर आधी घरात विचारा, आणि झाल्यावर चिंचेने घासून जागेवर ठेवा.